भुवडाचं खाचर

“वाट पाठ हाय, म्हणून न्हाय? ह्ये काय बोलणं झालं, मामा?”

धुळामामाच्या मांडीवर एक कोकरू होतं. कोकराच्या पायात बाभळीचा काटा मोडला होता आणि मामा दुसऱ्या काट्याने तो काढत होता.

“मामा, मी इचारतोय.”

“ऐकतोय की. त्येबी ऐकतंय. हळू बोल, हलतंय बघ.”

खेमा गप्प बसला. पण गप्प बसणं हा त्याचा स्वभाव नव्हता. तो हातातल्या काडीने जमिनीवर रेघा ओढू लागला.

समोर घाटाची कड होती. कडेच्या पलीकडे, खोल खाली, कोकण.

दर वर्षी दिवाळी सरली की माणदेशाच्या कोरड्या माळावरून हा वाडा निघायचा. वाडा म्हणजे दगडामातीचा नव्हे. चार-सहा बिऱ्हाडं एकत्र चालतात, त्यांची मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या आणि पोरंबाळं बरोबर चालतात, त्या सगळ्याला धनगर वाडा म्हणतात. घाट उतरून कोकणात जायचं. भातं कापून मोकळ्या झालेल्या खाचरांत रात्रीची मेंढरं बसवायची. मेंढरं बसली की लेंड्यांचं खत पडतं, शेतकरी खूश होतो आणि बदल्यात भात देतो. पावसाच्या तोंडाशी पुन्हा घाट चढायचा, कारण कोकणच्या पावसात मेंढरांचे खूर सडतात.

वाड्याला एक म्होरक्या लागतो. तो सगळ्यांच्या आधी पुढे जातो, मुक्कामाची जागा ठरवतो, मग मागची माणसं हलतात.

धुळामामा म्होरक्या होता. पण यंदा त्याचा गुडघा बसला. इथवर तो कसाबसा चालत आला होता. घाट उतरायच्या आधी नवा म्होरक्या नेमणं भाग होतं.

मामाला मुलगा नव्हता. बहिणीचा पोर होता, खेमा. वाड्यातल्या सगळ्यांनी त्याचंच नाव घेतलं होतं. एकट्या मामाने घेतलं नव्हतं. आणि मामाने नाव घेतल्याशिवाय कुणी घाट उतरणार नव्हतं. दोन बिऱ्हाडं तर आतापासूनच कुजबुजत होती, की म्होरक्या ठरत नसेल तर आपण दुसऱ्या वाड्यात मिसळू.

“बरं, मग ऐका,” खेमा म्हणाला. त्याने काडी टाकली आणि सुरुवात केली. घाट उतरला की पहिलं पाणी कुठं, मग कासारखोलला भुवडाचं खालचं खाचर, मग नदीच्या कडेने तळवट, मग देवळामागचं माळरान, मग चिंचेची खिंड... थेट खाडीपर्यंत. एका दमात. शाळेतलं पोर पाढे म्हणतं तसं.

“चुकलं काय?”

“न्हाय.”

“एखादा मुक्काम सुटला?”

“एकबी न्हाय.”

“मग?”

मामाने काटा काढला. कोकरू खाली ठेवलं. ते तीन पायांवर आणि मग चारी पायांवर आईकडे पळालं.

“माझं सुटतंय कवा कवा,” मामा म्हणाला. “तुझं काईच सुटत न्हाय... त्याचंच भ्या वाटतं बघ.”

खेमाला काही कळलं नाही. त्याला वाटलं, म्हातारा आपल्याला खेळवतोय.

“आसं कर,” मामा म्हणाला. “उद्या पुढं जा. कासारखोलला जागा ठरवून ये.”

“त्यात ठरवायचं काय? ठरलेलीच हाय.”

“मग लवकर येशील.”

चुलीपाशी बसलेली ठकूमामी हसली. “भाकर खाऊन जा रं. ठरल्याली जागाबी उपाशीपोटी लांब पडती.”

*

सकाळी खेमा झपाझप घाट उतरला. अंगावर नवी घोंगडी, डोक्याला लाल पटका. मनातल्या मनात तो म्होरक्या झालाच होता.

कासारखोल आलं. भुवडाचं खालचं खाचर दिसलं आणि त्याचा जीव सुखावला. लहानपणापासून तो इथे मेंढरांपाशी झोपला होता. भुवडाच्या घराकडे मात्र तो कधी गेला नव्हता. तिकडे मामा जायचा.

तो बांध ओलांडून सरळ खाचरातून चालत गेला आणि घरासमोर उभा राहिला.

अंगणात एक बाई पेंढा रचत होती. चाळिशीची. पदर खोचलेला, केसांत भाताचं कूस.

“उद्या वाडा येतोय,” खेमा म्हणाला. “मेंढरं खालच्या खाचरात बसतील. काटेकुटे असतील त्ये काढून ठेवा.”

बाईने पेंढी खाली ठेवली.

“कुणी सांगितलं?”

“सांगायचं काय त्यात? दर सालचंच हाय.”

“नाही बसायचं.”

“काय म्हणलासा?”

“खालच्या खाचरात मेंढरं बसायची नाहीत.”

खेमाची कानशिलं तापली. “बाई, तुमचं लगीन व्हायच्या आधीपास्नं आमी हितं येतोय. सात पिढ्या झाल्या.”

“बरं झालं. सातही पिढ्यांना घेऊन या. अंगणात चटई टाकते. मेंढरं तेवढी नकोत.”

शेजारच्या परसातून कुणीतरी खुदकन हसलं.

खेमा वळला आणि आला तसाच, त्याच खाचरातून, तरातरा परत निघाला. बाईने मागून काहीतरी ओरडून सांगितलं. त्याने ऐकलं नाही. ऐकायचंच नव्हतं त्याला.

*

“न्हाय म्हणली,” घाट चढून आल्यावर तो म्हणाला.

“कोण?”

“हाय कुणी बाई. काय मिजास तिची! जणू जिमीन तिनंच आकाशातनं आणली.”

“वनिता आसंल. भुवडाची सून. नवरा तिचा बाहेरगावी कामाला असतो.” मामाने तंबाखू मळायला घेतली. “आन् भुवड काय म्हणला?”

“दिसला न्हाय.”

“इचारलं न्हाईस?”

“मी जागा ठरवाय गेलतो मामा, पाव्हणचाराला न्हाय.”

मामाचा अंगठा तळव्यावर थांबला.

“पडवीत बाज असती त्याची. दिसभर त्यावरच बसून ऱ्हातो. बाजेवर नव्हता?”

खेमा आठवू लागला. अंगण, पेंढा, बाई, तिचं बोलणं. त्यामागे पडवी... त्याने ती बघितली होती. बघितली होती, पण तेव्हा तिच्याकडे लक्षच नव्हतं.

“बाज... भिताडाला उभी लावल्याली हुती.”



ठकूमामीची भाकरी तव्यावर करपायला लागली, तरी तिने ती उलटली नाही.

मामाने डोक्याचं मुंडासं काढलं आणि मांडीवर ठेवलं. त्याचे पांढरे केस घामाने चिकटलेले होते. भुवड आणि तो एकाच वयाचे. कोकणात उतरल्यावर दोघं पडवीत बसत. फारसं बोलत नसत. एक जण तंबाखू मळायचा, दुसरा चुना द्यायचा.

“कवा गेला?” मामाने विचारलं.

खेमाने ते विचारलंच नव्हतं.

“कशानं?”

तेही नव्हतं.

मामाने तळव्यावरची तंबाखू तशीच झाडून टाकली.

“मला घोडीवर बसवा उद्या,” तो म्हणाला. “खाली जायचंय.”

*

दुसऱ्या दिवशी वाडा घाट उतरू लागला. म्होरक्या ठरला नव्हता, पण मामाच निघाला म्हटल्यावर सगळे निघाले. पुढे मेंढरं, मागे घोडी. घोडीवर पातेली, पातेल्यांवर वाकळा, वाकळांवर मामा आणि मामाच्या पुढ्यात पाय बांधलेली तांबडी कोंबडी.

“सांभाळून बसा,” ठकूमामी म्हणाली. “पातेल्याला पोचा पडला तर नवं मिळत न्हाय.”

“आन् मी पडलो तर?”

“तुमाला पोचे पडायला जागा कुठं ऱ्हायलीय?”

मामा हसला. काल संध्याकाळपासून पहिल्यांदाच.

खेमा घोडीचा लगाम धरून चालत होता. मान खाली. पहिल्या वळणावर मामाने घोडी थांबवायला सांगितली आणि मागे, घाटमाथ्याच्या अंगाला हात केला. डोंगरांच्या मधे धरणाचं पाणी पसरलं होतं. निळं, गप्प.

“खेमा, वाट दिसती का?”

“कुठली?”

“आपली.”

“त्ये पाणी हाय मामा.”

“त्याच्या खाली.”

खेमा बघत राहिला.

“माझ्या बापाच्या टायमाला वाडा तिथनं जायाचा,” मामा म्हणाला. “मी मिसरूड फुटायच्या वयाचा. एक साल आमी निघालो, तर म्होरं पाणीच पाणी. धरणात पाणी अडवल्यालं कुणी कळवलं न्हवतं आमाला. आमाला कळवायला आमचं गाव तरी कुठं एका जागी!”

“मग?”

“मेंढरं म्होरं हुती. पाणी दिसलं त्यास्नी. तरी थांबली न्हाईत... पाण्यात शिरली.”

“पाण्यात? मेंढरं?”

“शिरली. एकामागं एक.”

“आसं कसं? मेंढरू तर पाण्याला भितं.”

“भितं. पर वाट पाठ हुती त्यास्नी.”

घोडीने मान झटकली. खालच्या वळणावरून मेंढरांचा बें-बें आवाज येत होता.

“किती गेली?” खेमाने हळूच विचारलं.

मामाने पुढ्यातल्या कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवला. एकदा, पुन्हा एकदा.

घोडी चालू लागली. बऱ्याच वेळाने खेमा म्हणाला, “मग ही वाट कुणी काढली?”

“काढली न्हाय कुणी. पल्याडच्या उताराला एक म्हातारी गवत कापत हुती. बापानं तिला इचारलं, आई, खाली जायाला कुठनं जागा हाय? तिनं इळा हिकडं केला.”

“मग?”

“मग काय. हिकडं आलो.”

खेमाचे पाय थांबले. “म्हंजी... ही वाट? मी पाठ केल्याली?”

“हीच.”

“पर मी तर सात पिढ्यांची म्हणून...”

“सात पिढ्या चाललोच की आपण,” मामा म्हणाला. “हिकडनंच चाललो, आसं कोण म्हणलं तुला?”

ठकूमामी मागून ओरडली, “चला की रं! का ती म्हातारी अजून इळा दावतीय?”

*

दुपार कलली तेव्हा ते कासारखोलला पोचले. मामाने मेंढरं दूर ओढ्यापाशीच थांबवायला सांगितली. खेमाच्या खांद्याला धरून तो घोडीवरून उतरला. एक पाय टेकला की चेहरा आवळला जात होता.

खेमाला वाटलं, आता मामा घरात जाईल, ओळख काढेल, बाईला दोन शब्द सुनावेल. म्हातारा माणूस, तिच्या सासऱ्याचा सोबती. तिची काय बिशाद?

मामा अंगणात गेलाच नाही. बांधाच्या अलीकडे थांबला. पायताणं काढली. मुंडासं काढून हातात घेतलं.

“घरात कुणी हाय का?”

वनिता बाहेर आली. तिने बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. “अगोबाई, मामा!”

पण मामा तसाच उभा. हात जोडलेले.

“बाई, आमी घाटावरची मेंढरंवाली. खाली चाललोय. बरुबर लेकरंबाळं हाईत, गाभण मेंढरं हाईत. तुमच्या रानात बसायला जागा मिळंल का? मिळंल तर कुठं, त्ये तुमी सांगा. न्हाय मिळणार तर तसं सांगा, आमी म्होरं जाऊ.”

खेमाला शरमेने कुठे बघावं कळेना. दर वर्षी बसायच्या जागेपाशी मामा भिकाऱ्यासारखा उभा होता!

वनिता आधी हसायला लागली. तिला वाटलं, मामा थट्टा करतायत. मग तिचं हसू थांबलं. तिने पदराने तोंड पुसलं आणि बांधापाशी आली.

“आबा असंच सांगायचे,” ती म्हणाली. “म्हणायचे, धुळा दर वर्षी नव्याने विचारतो. मला आपलं खोटं वाटायचं.”

“कवा गेला?”

“श्रावणात. ताप होता. तापातच सारखे विचारत होते, मेंढरं आली का. मी म्हटलं, आबा, अहो बाहेर पाऊस पडतोय. तर म्हणाले, मग जागा तरी झाडून ठेव.”

मामाने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला. बांधावरून तिने त्याच्या हातावर हात ठेवला.

“जागा देते मामा. जागेला काय झालंय? पण यंदा वरच्या खाचरात बसा. खत तिथे हवंय, ते उपाशी आहे. खालच्या खाचरात वाल पेरलेत. आत्ताच कोंब आलेत.”

“झालं की मग. वर बसतो.”

“तेच सांगणार होते काल,” वनिता म्हणाली. “पण काल एक जण आला होता, त्याला सगळंच ठाऊक होतं. त्याला काय सांगणार? वालातूनच चालत आला आणि वालातूनच परत गेला.”

“आमच्यातला न्हवं त्यो?” मामाने भाबडेपणाने विचारलं.

“घोंगडी तुमच्यासारखीच होती.”

“घोंगडी चोरीला गेली आसंल कुणाची तरी.”

“पटका पण होता. लाल.”

“आरं बाबा! मग चोर मोठा हाय.”

खेमाने पटका काढला. कुणी काढायला सांगितला नव्हता. कानाच्या पाळीपर्यंत तो लाल झाला होता. वनिता तोंडाला पदर लावून हसत होती, आणि मामाचा चेहरा इतका सरळ होता की त्याच्याकडे बघवत नव्हतं.

खेमा खालच्या खाचराकडे गेला. भाताच्या धसकटांमधून वालाचे कोंब वर आले होते. फिकट हिरवे, मान वाकवलेले. त्यांच्यामधून त्याच्या पायताणांची रांग गेली होती. जाताना एक, येताना एक. काल हे सगळं इथेच होतं.

तो खाली बसला. चेपलेल्या कोंबांना बोटांनी माती लावू लागला.

“राहू द्या हो,” वनिता बांधावरून म्हणाली. “वाल आहे. उठतो तो.”

तरी तो लावत राहिला.

*

सूर्य डोंगराआड... नाही, समुद्राच्या अंगाला गेला. डोंगराआड जातो तो माणदेशातून बघणाऱ्याला. वरच्या खाचरात वाघरीचं जाळं लागलं, कोकरं आत गेली, मेंढरं एकमेकांना टेकून बसली. गावातली दोन-चार माणसं बघायला आली आणि परतताना आमच्याकडे बसवा म्हणून सांगून गेली.

खेमा मामाशेजारी येऊन बसला. मामीने दिलेलं तेल तो मामाच्या गुडघ्याला चोळू लागला.

“मामा.”

“हं.”

“ती तुमाला वळखत हुती. तुमी तिला वळखत हुता. मग परक्यागत का उभं ऱ्हायला?”

“जरा खाली चोळ. तिथं न्हाय, वाटीच्या खाली.”

खेमाने खाली चोळलं.

“तुला सांगू का,” मामा म्हणाला. “हितं मी लई साल आलो. पर गेल्या साली आलो हुतो म्हणून... एकबी साल आलो न्हाय.”

खेमाचा हात थांबला. त्याला पुढचं विचारायचं होतं. मग त्याला वाटलं, नको. तो परत चोळू लागला.

“सकाळी उठणार न्हाय ह्यो गुडघा,” मामा स्वतःशीच म्हणाला आणि आडवा झाला.

*

उजाडलं. वर चूल पेटली, धूर पसरला. ठकूमामीने चहाचं भगुलं उतरवलं. रोज सकाळी ती मामाला पुढच्या मुक्कामाचं विचारायची, म्होरलं बिऱ्हाड कुठं? लग्न झाल्यापासून रोज. त्याशिवाय तिचं सामान बांधायला मन व्हायचं नाही.

आज तिने पितळ्या भरल्या, एक मामाला दिली, एक खेमासमोर ठेवली.

“म्होरलं बिऱ्हाड कुठं रं, खेमा?”

वाड्यातली माणसं जागच्या जागी थबकली. कुजबुजणारी दोन बिऱ्हाडंसुद्धा. मामा चहावर फुंकर घालत होता. त्याने वर बघितलं नाही, आणि मामीला अडवलंही नाही.

खेमाच्या ओठांवर नाव आलं. तळवट. नदीची कड, मोठा आंबा, त्याच्यापुढची तीन खाचरं. डोळे मिटूनही तो गेला असता.

त्याने तोंड मिटलं.

“ठावं न्हाय, मामी,” तो म्हणाला. “इचारून येतो.”

“आगं बया! परवापातूर तर सगळं पाठ हुतं!”

वाडा हसला. खेमाही हसला. त्याने चहा संपवला, घोंगडी खांद्यावर टाकली, पटका मात्र मामीच्या सामानात ठेवला, आणि वालाच्या खाचराला लांबून वळसा घालून बांधाबांधाने निघाला.

तो ओढ्यापाशी पोचला असेल, तेवढ्यात मागून हाक आली.

“खेमा!”

तो थांबला. त्याला वाटलं, मामा आता तळवटच्या माणसाचं नाव सांगेल, घर सांगेल, काय बोलायचं ते सांगेल. तो वळला आणि कानामागे हात धरून उभा राहिला.

मामा काठीवर रेलून उठला होता. एक हात तोंडापाशी नेऊन तो ओरडला,

“न्हाय म्हणलं, तर त्यांच्याकडं पाणी पिऊन ये!”